अनुभव धागा : अंगावरचा कपडा आणि आपण

रत्नागिरी
आमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला मुली आईच्या साड्या नेसून येतात. एरवी व्हरांड्यातून धावत सुटणाऱ्या याच मुली त्या दिवशी निऱ्या चिमटीत धरून सावकाश जिना चढतात आणि खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसतात. यंदा त्यांना पाहताना मला माझ्या नोकरीची सुरुवात आठवली. लांजा तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा वर्गातल्या उंच मुलांपेक्षा मी फारशी मोठी दिसत नव्हते. आईने तिच्या सुती साड्या खळ देऊन, इस्त्री करून बरोबर दिल्या होत्या. पदराला खांद्यावर पिन लावली की माझा आवाज आपोआप खालच्या पट्टीत येई आणि वर्गासमोर उभे राहताना पाय लटपटत नसत. पुढे पंजाबी ड्रेसची मुभा मिळाली, पावसाळ्यात साकव ओलांडणे सोपे झाले, पण वर्गावरची पकड सैल झाली नाही, कारण तोवर ती माझी झाली होती. एखाद्या कपड्याने तुम्हाला असे बळ दिले असेल, किंवा उलट आक्रसून टाकले असेल, तर अवश्य लिहा.

कुडाळ
मी एसटीत वाहक आहे. खाकी चढवून बिल्ला लावला की सुट्या पैशांवरून वाद घालणाऱ्या प्रवाशाशीही मी न डगमगता बोलते. तोच माणूस आठवडी बाजारात घरच्या कपड्यांत भेटला तर मला शब्द सुचत नाहीत. सुनेचा पँट-शर्ट सासूबाईंना सुरुवातीला मुळीच रुचला नव्हता. आता पहाटेच्या ड्यूटीला निघताना त्याच दारात येऊन विचारतात, "बिल्लो घेतलंस मा गो?"

चिपळूण
ताई, यावर प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की या संशोधकांनी २०१२ मध्ये काही जणांना पांढरा कोट घालायला दिला. तो डॉक्टरचा कोट आहे असे ज्यांना सांगितले, त्यांचे लक्ष अधिक एकाग्र झाले. तोच कोट चित्रकाराचा म्हणून घालणाऱ्यांत तो परिणाम दिसला नाही. मात्र याच संशोधनातील एक प्रयोग इतरांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही आणि हेही २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. कापडापेक्षा त्याला आपण जोडलेला अर्थ काम करत असावा, असे माझे मत आहे.

महाड
अर्थाबद्दल लिहिलेत म्हणून सांगतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी येथे मनुस्मृतीचे दहन झाले, त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. अस्पृश्य म्हणून ओळखू याल अशा तऱ्हेने लुगडे नेसू नका, हातातले आणि गळ्यातले जडशीळ दागिने टाकून द्या आणि स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले, आणि अनेक जणींनी लगोलग नेसण बदलली. माझी पणजी त्या काळातली. तिचे गुडघ्यापर्यंतचे लुगडे घोट्यापर्यंत आले, वरून पाहता एवढाच बदल. पण त्यानंतर ती वाटेत कोणी समोरून आले तर बाजूला सरून उभी राहीनाशी झाली, असे आजी सांगत असे. बाबासाहेबांच्या कोट-टायकडे आमच्या घरात कधीही छानछोकी म्हणून पाहिले गेले नाही.

दापोली
दादा, वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरात याच्या नेमके उलट घडले. आजोबांची आत्या लहानपणीच विधवा झाली आणि तिला आलवण नेसवले गेले. ते जाडेभरडे लाल लुगडे अंगावर आल्यापासून ती माजघर आणि परसू सोडून ओटीवर आली नाही, पाहुण्यांसमोर बोलली नाही. आमच्याच मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले होते. अशा गावांतून आत्याला कोण सोडवणार होते? त्यामुळे कपड्याने आपण घडतो असे म्हणण्याआधी तो कोणी निवडला, हे विचारले गेलेच पाहिजे.

सावंतवाडी
विषय थोडा बाजूला नेते, क्षमस्व. लग्नातल्या रेशमी साडीच्या घडीवर पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात. आपल्या दमट हवेत तुम्ही साड्या कशा ठेवता?

अलिबाग
सुती धुवट कापडात गुंडाळाव्यात, पाऊस सरल्यावर सावलीत हवा द्यावी आणि घड्या बदलाव्यात. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. आता मूळ विषय. माझी आई मासळी बाजारात लुगडे आणि फडकीशिवाय बसत नाही. मी बँकेत असते, एरवी जीन्स वापरते. सुट्टीत जीन्समध्येच तिच्या जागी बसले, तर गिऱ्हाईक पापलेटचा भाव निम्म्यावरून सुरू करते आणि मीही लगेच नमते घेते. नारळी पौर्णिमेला मात्र मी कोळी पद्धतीने लुगडे नेसते. काष्टा घट्ट आवळला की पावले मोठी पडतात, आणि बंदरावर ओळखीचे लोक म्हणतात की लांबून आईच येते आहे असे वाटले. मला त्या वाक्याचा फार अभिमान आहे.

वेंगुर्ला
मी दशावतारात स्त्रीपार्ट करतो. आमचे संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर उभे राहूनच सुचावे लागतात. रंगपटात पेटाऱ्यासमोर बसून मी स्वतःच चेहरा रंगवतो, मग लुगडे नेसतो, आणि शेवटी केसांचा अंबाडा बसतो. लुंगी-बनियनवर द्रौपदीचे बोलणे कितीही आठवून पाहिले तरी दोन वाक्यांपुढे सरकत नाही. लुगडे नेसल्यावर तेच बोलणे सभेतल्या भीष्माला थेट प्रश्न विचारत जाते. घरातल्या बायकांना काय काय गिळावे लागते, हे मला त्या लुगड्यात कळले, आणि त्यानंतर मी घरी आवाज चढवणे सोडले.

रत्नागिरी
दादा, हा अनुभव मी वर्गात वाचून दाखवीन. मुलींना घेऊन तुमचे नाटक पाहायला यायचे आहे.

वेंगुर्ला
जरूर या, बाई. कार्तिकात जत्रा सुरू होतात, तारखा ठरल्या की येथेच कळवतो. थोडे लवकर पोहोचलात तर मुलींना रंगपटही दाखवता येईल.