अनुभव धागा: ट्राम, बार्शी लाईट ही छोटी रेल्वे आणि आता मेट्रो. तुमच्या घरातल्या आठवणी लिहा

सातरस्ता:
मुलीकडे मुंबईला गेलो होतो. तिनं भुयारी मेट्रोत बसवलं. हुतात्मा चौकात चढलो, काळबादेवी आलं, गिरगाव आलं, आणि एकदम आज्जा डोळ्यासमोर उभे राहिले. हीच नावं त्यांच्या तोंडून ऐकत लहानाचा मोठा झालो.

आज्जा लालबागच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. सुट्टीच्या दिवशी दुमजली ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसून नुसतं म्युझियमपर्यंत जायचे आणि परत यायचे. त्यांची चैन तेवढीच. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम सुटली, ती बघायला खोलीतले सगळे गेले होते. गर्दीत आत शिरायला मिळालं नाही, म्हणून आज्जा थोडं अंतर मागून पळाले. त्याच वर्षी सोलापूरला परतले ते कायमचेच.

ट्रामचा ड्रायव्हर पायानं घंटा वाजवायचा. आज्जा ओसरीवर पत्र्याच्या ट्रंकेवर बसून टाच आपटायचे, टण् टण् टण्, आणि आम्ही सहा पोरं मागं एकमेकांचे सदरे धरून बसायचो. मेट्रोत दार लागलं तेव्हा माझी टाच आपोआप हलली. मुलीनं विचारलं, काय झालं? सांगताच येईना.

तुमच्या घरात कोणी ट्राम बघितलीय का? बार्शी लाईटही चालेल. लिहा.

कुर्डूवाडीकर:
चालेल काय, तीच आपली ट्राम! अडीच फुटी रूळ. 1897 ला कुर्डूवाडी-बार्शी, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. आमचे वडील वर्कशॉपात, त्यामुळं हे पाढ्यासारखं पाठ.
माघ वारीला टपावरसुद्धा जागा नसायची. चढ आला की गाडी इतकी हळू व्हायची की माणसं उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटून पुन्हा चढायची. एकदा माझा काका मागं राहिला आणि पुढच्या स्टेशनवर आमच्या आधी हजर! आडवाटेनं शेतातून आला होता. आई त्याच्यावर चिडली, पण डहाळे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

पार्कचौक_72:
म्हणजे दादर टीटी मधला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस?? वीस वर्षं सोलापूरच्या गाडीतून पहाटे तिथं उतरालोय.

सातरस्ता:
होय. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, नाव अजून राहिलंय.

कन्नाचौक:
आमची अव्वा (आजी) लग्नानंतर कामाठीपुऱ्यात होती. तिला मराठी यायचं नाही, हिंदी यायचं नाही. ट्राममध्ये लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसायची, कुठं उतरायचं ते कंडक्टरला हातानं दाखवायची. तो दर वेळी बरोबर उतरवायचा. म्हातारपणी सगळं विसरली, मला पण ओळखेना, पण त्या कंडक्टरचं सांगायची. कुकर झालाय, नंतर लिहिते.

शेंगाचटणी:
@कन्नाचौक डोळ्यात पाणी आणलंत. लोणचं कशाचं, गोंगुराचं (अंबाडीचं) का?

कन्नाचौक:
आंब्याचं, तेल वर बोटभर. गोंगुरा इकडं आल्यावर शिकली.

होटगीरोड:
आमची गाडी विजापूरची, मीटरगेज. कोळशाचा कण डोळ्यात गेला की आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर मारायची आणि तो गरम बोळा डोळ्यावर धरायची. खिडकीत बसायचं नाही असं बजावून पुन्हा खिडकीतच बसवायची. आता ब्रॉडगेज झालं, वेळ वाचला, छानच आहे. पण तो बोळा आठवतो.

नवीपेठ:
मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. मुंबईत 1907 पासून विजेची ट्राम होती, ती मोटारींना जागा हवी म्हणून उखडली. आता तेहतीस किलोमीटर जमिनीखाली खोदून रेल्वे परत आणली. हुतात्मा चौकात कारंज्याच्या कामासाठी खणताना जुने रूळ सापडलेच की. कलकत्त्याला 1902 पासून विजेची ट्राम, आता तिथं पण मार्ग कमी कमी होत गेलेत. मोठ्या शहरांनी जे करून पस्तावा केला ते आपण तरी करू नये. सोलापूरला मेट्रो नको, दर दहा मिनिटांनी बस द्या. माझी मुलगी रोज शेअर रिक्षात चौथी बसून कॉलेजला जाते.

होटगीरोड:
१००% सहमत. तुळजापूरच्या रेल्वेचं काम बघितलं का कोणी? आईला पहिल्या गाडीनं देवीला न्यायचंय. तिला ८१ वं चालू आहे.

शेंगाचटणी:
नक्की नेणार तुम्ही. आमच्याकडून पण ओटी भरा.

सातरस्ता:
@नवीपेठ अगदी मनातलं बोललात. @कुर्डूवाडीकर वर्कशॉपातले फोटो आहेत का वडिलांचे? छोट्या इंजिनाबरोबरचा एखादा?

कुर्डूवाडीकर:
एक आहे, माळ्यावरच्या ट्रंकेत. रविवारी उतरवतो. वडिलांनाच विचारून कोण कोण उभं आहे ते खाली लिहितो, त्यांना अजून सगळ्यांची नावं येतात.