मदत हवी आहे: ऑर्गनॉइडचे थेंब टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. उंदराच्या आतड्यापासून ऑर्गनॉइड वाढवतेय. २००९ साली डच शास्त्रज्ञ हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेनं एलजीआर५ (आतड्यातल्या मूळपेशी ओळखायची खूण) असलेल्या मूळपेशींपासून वाढवलेलं तेच इवलंसं आतडं. पुढे त्यावर औषधं तपासायची आहेत, पण पेशी ज्यात रुजवतात त्या जेलपाशीच गाडी अडलीय.

जेल बर्फावर, पिपेटच्या टिपा रात्रभर फ्रीजरमध्ये, प्लेट ३७ अंशांवर गरम, सगळं करते. तरी ५० मायक्रोलिटरचा थेंब पेजेसारखा पसरतो आणि तिसऱ्या दिवशी मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदलताना अख्खा सुटून पिपेटमध्ये येतो! सर म्हणतात, हात बसेल. बसेलही, पण तोवर एवढं महागडं जेल संपेल त्याचं काय?

सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळीवर थोडा मीडिया उरतो, त्यानं जेल पातळ होत असेल का? आणि प्लेट उलटी करून इन्क्युबेटरमध्ये ठेवता का, किती मिनिटांनी? हे काम हातानं केलेल्यांनी सांगा प्लीज.