शाळेचं अनुदान निम्म्यावर आलं, आता कबड्डी ठेवायची की गाणं?

गावाकडचा पालक:
नमस्कार मंडळी. कर्नाटकात बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली आमची सरकारी मराठी शाळा, पहिली ते सातवी. गेल्या वर्षी पट 104 होता, यंदा 97. सात पोरं इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसली आणि आमचं अनुदान 50 हजारावरनं 25 हजारावर आलं. आता एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या मीटिंगला एकच भांडण, कबड्डीचं सामान आणि स्पर्धेला न्यायचा टेम्पो ठेवायचा की आठवड्यातनं दोनदा येणाऱ्या गाण्याच्या सरांचं मानधन. अर्धे म्हणालेत गाणं बंद करा, पेटी वाजवून कुणाचं पोट भरलंय. माझी पोरगी प्रतिभा कारंजीला, म्हणजे सरकारी शाळांच्या कलागुण स्पर्धेत, क्लस्टरमध्ये (आसपासच्या शाळांत) पहिली आली ती त्या सरांमुळंच, पण तसं बोललो की म्हणतात तू पोरीसाठी बोलतोस. काय करावं ओ?

लाल मातीवाला:
दादा, मी कबड्डीवालाच, राग मानू नका. आमच्या वर्गात गणिताला दांडी मारणारी पोरं खेळाच्या दिवशी पहिल्या घंटेला हजर असायची, ते बंद केलं तर आणि चार पोरं जातील. पण खरं सांगू काय, खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर ग्राउंडवर गुडघाभर चिखल, त्या चार महिन्यात पोरं करणार काय? तेव्हा गाणंच की.

रिटायर गुरुजी:
अहो, भांडताय कशावर? ते 25 हजार म्हणजे समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं शाळा अनुदान, पट 31 ते 100 असला की 25, 100 च्या वर गेला की 50. त्यातलेही निदान 10 टक्के स्वच्छतेला घालावे लागतात, मग खडू, लाईट बिल, दुरुस्ती, उरतंय काय? खेळाचं अनुदान वेगळं असतं, उच्च प्राथमिकला वर्षाला 10 हजारांपर्यंत. म्हणजे कबड्डीला स्वतःचं खातं आहे, गाण्याला नाही, आणि तुम्ही दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलंय. 2009 च्या आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला कला, खेळ आणि कार्यानुभवासाठी अर्धवेळ शिक्षक सांगितलेत, पण तिथंही पट 100 च्या वर लागतो. सात पोरांनी काय काय नेलं बघा. हेडमास्तरांना आधी कॅशबुक उघडायला सांगा.

भजनी मंडळ:
आमच्याकडं विठोबाच्या देवळातली पेटी दुपारी शाळेत जाते, संध्याकाळी परत हरिपाठाला. पखवाजवाले काका फुकट येतात.

लाल मातीवाला:
काका फुकट येतात, ठीक. पण सुगीत येतात काय? भातकापणीला सगळे काका शेतात 😄 मानधनाची सोय लागतेच.

गावाकडचा पालक:
गुरुजी, लई उपकार झाले. आज हेडमास्तरांकडं बसलो, कन्नडातला जीआर त्यांनीच वाचून दाखवला, खेळाचं खातं खरंच वेगळं निघालं. आता बॉल, दोरी, निशाणं तिथनं. टेम्पोचं मात्र त्यात बसत नाही म्हणालेत, त्याला पालकांनी वर्गणी काढायची. सरांचं मानधन निम्मं शाळा अनुदानातनं बसतंय काय ते विचारून सांगणार आहेत, उरलेलं गावातलं भजनी मंडळ देणार, तेही दिवाळीपर्यंतच, पुढचं पुढं. एक राहिलं, शाळेच्या पेटीचा मधला एक सूर दाबला की वरच येत नाही, पोरांनी रबर बँड लावून ठेवलाय. बेळगावात पेटी दुरुस्त करणारं कोण आहे काय?