जर्मनीत शिकताना महिन्याचा खर्च कसा बसवलात?

मंडळी, ऑक्टोबरच्या सत्रासाठी निघालेल्या मुलामुलींचा सध्या एकच प्रश्न असतो: ९९२ युरोंत भागतं का? व्हिसासाठी श्पेरकोंटोत, म्हणजे गोठवलेल्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे आणि त्यातून दरमहा ९९२ हाती येतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, म्हणून घरचे निर्धास्त असतात. मी श्टुटगार्टला शिकले. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. ती भरून उरलेल्यात राहायचं होतं. महिन्याची घडी हळूहळू बसते, पण पहिल्या दोन महिन्यांत पैसा पाण्यासारखा जातो आणि त्याबद्दल आधी कुणीच नीट सांगत नाही. म्हणून हा धागा. आपापल्या शहरातले खरे आकडे लिहा. तुमच्या चार ओळींवर एखाद्या घरातली कर्जाची रक्कम ठरणार आहे.

म्युनिक
इथे सगळा हिशेब भाड्यावर अडतो. वे-गेत, म्हणजे चौघांच्या सामायिक घरात, माझ्या खोलीचे ७८० जायचे. जाहिरातीतलं भाडं काल्ट आहे की वार्म ते आधी बघा. काल्टवर हीटिंग, पाणी, कचरा असं सगळं चढतं. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापर्यंत घेता येतं आणि ते घर सोडल्यावरही लगेच मिळत नाही, हीटिंगचा वार्षिक हिशेब होईपर्यंत त्यातली थोडी रक्कम अडकून राहते. त्यात खोली न दाखवता डिपॉझिट मागणारे भामटे भरपूर आहेत. प्रवेशपत्र हाती पडलं की त्याच दिवशी श्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे वसतिगृहं चालवणाऱ्या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या, वसतिगृहाचा अर्ज भरा, व्हिसाची वाट बघू नका. इथल्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे, तीही विचारात घ्या.

केम्निट्स
वसतिगृहाची खोली, वीज-इंटरनेटसह तीनशेच्या आत. ९९२ मधून दर महिन्याला थोडे मागे पडायचे. शहर निवडताना विद्यापीठाच्या क्रमवारीइतकंच घरभाडंही पाहा, असं मी मनापासून सांगेन.

सातारा (मुलगी ड्रेस्डेनला)
मी पालक म्हणून लिहिते. श्पेरकोंटोची वर्षाची रक्कम व्हिसाच्या आधी एकरकमी पाठवावी लागते, त्यामुळे बँकेतून कर्जाचा तो हप्ता वेळेवर सुटणं फार महत्त्वाचं. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही. स्वतःच्या ठेवी मोडून पाठवलात तर आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर हात आखडतो. आणि शिक्षण चालू असताना व्याज वाढतच असतं. आम्ही दोघं ते दरमहा भरतो. झेपत असेल तर भराच, मुलांच्या डोक्यावरचा भार कमी होतो.

आखेन
किराण्याचं सांगतो. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला भारतीय दुकानातच मिळतात आणि महाग पडतात. तुर्की दुकानात मसूर, छोले, कोथिंबिरीच्या भल्यामोठ्या जुड्या, वांगी, भेंडी स्वस्त. मी आमटी मसुरीवर आणली आणि तूरडाळ सणावारी ठेवली. तांदूळ मोठ्या पोत्याने आणून तिघांत वाटून घेतो. बाकी सगळं आल्डी-लिडल या स्वस्त सुपरमार्केटांतून. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी भाजी आणली नाही तर स्टेशनवरच्या महाग दुकानात जावं लागतं. दुपारी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, विद्यार्थी दरात गरम जेवण मिळतं, शाकाहारीही असतं. परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकाचा अट्टहास करू नका. प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात, बाटल्या फेकू नका. एवढं सांभाळून माझा खाण्याचा खर्च दोनशेच्या आसपास राहतो. कुकर मात्र घरूनच आणा.

ग्यॉटिंगेन
रेडिओ-टीव्हीची वर्गणी: दरमहा १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. ती दर घरामागे असते. वे-गेत एकाने भरायची आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायची. पत्र जर्मनमध्ये येतं म्हणून बाजूला टाकू नका, थकबाकी साचत जाते.

माग्डेबुर्ग
नोकरी. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. कागदावर छान दिसतं, पण पहिल्या सत्रात या पैशावर विसंबून कोणीही येऊ नये. जर्मन येत नसेल तर गोदाम किंवा स्वयंपाकघरातली कामं मिळतात, तीही रात्रपाळीची, आणि सकाळी आठचं व्याख्यान बुडतं. मला दुसऱ्या सत्रात प्राध्यापकांकडे हीवीचं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं, काम मिळालं, पगार बेताचा, पण अभ्यासाला धरून. घरून निघण्यापूर्वी जर्मनची बी-वन, म्हणजे मध्यम, पातळी गाठलेली मैत्रीण माझ्याआधी कामाला लागली होती.

बर्लिन, पुण्यात नोकरी करून आलेली
वय तिशीच्या वर असेल तर सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मिळत नाही. इतरांना तो दरमहा जवळजवळ दीडशे युरो पडतो. आम्हाला खासगी विमा शोधावा लागतो आणि त्यातली कलमं वाचण्यात वेळ घालवावाच लागतो. घाईत स्वस्तातला घेऊ नका. दाताचं आणि दवाखान्यात राहण्याचं काय, ते लेखी विचारा.

श्टुटगार्टहून पुन्हा, धागा काढणारी
हातात किती घेऊन यावं, असं काहींनी निरोपात विचारलंय. श्पेरकोंटोचे पैसे विमानातून उतरल्या उतरल्या मिळत नाहीत. आधी पत्त्याची नोंदणी, मग इथलं बँक खातं, मग पहिला हप्ता. नोंदणीच्या भेटीची तारीखच मोठ्या शहरांत उशिरा मिळते. तोवर डिपॉझिट, पहिलं भाडं, सत्रशुल्क (फी नसली तरी दर सत्राला भरायची रक्कम), गादी-पांघरूण, थंडीचा कोट हे सगळं समोर उभं असतं. शहराप्रमाणे दोन ते तीन हजार युरो श्पेरकोंटोच्या बाहेर हवेत, आणि कर्जाच्या अर्जातच ते धरा. आणखी एक: वर्षाने निवासपरवाना वाढवताना पुढच्या काळाची तरतूद परत दाखवावी लागते. त्यामुळे नोकरीतून उरणारा पैसा वर्षाच्या शेवटपर्यंत खात्यात राहू द्या, आणि कर्जाचा दुसरा हप्ता परवान्याच्या तारखेआधी सुटेल असं बँकेकडून आत्ताच लिहून घ्या.