मदत हवी आहे: तलावातल्या सकर माशांचं करायचं काय?

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमच्या घराजवळच्या तलावावर मासे धरणाऱ्या काकांच्या जाळ्यात हल्ली रोहूपेक्षा सकरच जास्त येतोय. तोच, फिश टँकची काच चाटणारा. दुकानात बोटाएवढा असतो, इथे चांगला हातभर! अंगावर चिलखतासारखं कडक कवच, पंखाचा काटा अडकला की जाळं फाटलंच. काका वैतागून तो काठावर फेकतात, पण हा हवा गिळून तासन्‌तास जगतो आणि पोरं दया येऊन त्याला परत पाण्यात ढकलतात.

मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेवाळ खातो म्हणजे तलाव साफच करतो, असं सोसायटीत एकजण म्हणाले. अहो, पण ते आपल्या माशांचंही खाणं आहे! शिवाय तळ खरवडताना त्यांची अंडीही जातात, आणि हा काठात बिळं करतो, त्याने माती ढासळते.

तर, पकडलेले सकर कुणाकडे द्यायचे, महापालिकेकडे की मत्स्यव्यवसाय विभागाकडे? मरळ ही शिकारी मासळी सोडली तर ती याची पिल्लं खाईल का? आणि नकोसे झालेले टँकमधले मासे लोकांनी तलावात सोडू नयेत म्हणून, ते परत घेणारं दुकान ठाणे-कळव्याकडे कुणाला माहीत आहे का?