बेनिनच्या पितळी फलकावरचा राजा: हातात बिबटे, पायांच्या जागी मासे?

रानजाई:
बेनिनच्या एका पितळी फलकाचा फोटो पाहिला, तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. राजाने दोन्ही हातांत एकेक बिबट्या शेपटीला धरून उलटा लटकावलाय, आणि कमरेखाली पायांच्या जागी चक्क दोन मासे! यामागे काही कथा आहे का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

पितळवेडा:
आधी एक सांगतो, हे बेनिन म्हणजे आजचा बेनिन देश नव्हे. नायजेरियातलं बेनिन सिटी, तिथलं एडो लोकांचं राज्य. राजाला ‘ओबा’ म्हणतात.

बिबट्या रानाचा राजा, तर ओबा ‘घरचा बिबट्या’. माणसाचा जीव घ्यायचा अधिकार राज्यात फक्त ओबाला, म्हणून त्याच्या बरोबरीला हेच जनावर. आणि तेसुद्धा त्याच्या मुठीत!

मासा चिखलातला. डबकी आटली तरी तग धरणारा, पाण्याचाही आणि जमिनीचाही. तो ओलोकुनचा, म्हणजे पाण्याच्या आणि संपत्तीच्या देवाचा. ओहेन नावाच्या जुन्या ओबाचे पाय लुळे पडले होते, असं परंपरा सांगते. लुळ्या पायांचा राजा लोकांना चालला नसता. शिल्पात तेच पाय ओलोकुनचे मासे झाले. राजाच्या व्यंगाला थेट देवत्व देणारी ही कल्पना मला फार मोठी वाटते.

ओंजळ:
बिबट्याच्या आकाराचं पाण्याचं भांडंही जरूर शोधा. डोक्यावरचं झाकण उघडून पाणी भरायचं, आणि धार पडते नाकपुड्यांतून! विधीच्या वेळी ओबा त्या पाण्याने हात धुवायचा. अंगभर ठिपके कोरलेले. मेणाचा नमुना, त्यावर माती, मेण वितळवून काढायचं, पितळ ओतायचं, मग साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच वस्तू. बस्तरचे घडवेही असंच ओततात. बेनिन सिटीच्या इगुन रस्त्यावर ओताऱ्यांचं काम आजही चालू आहे.

रानजाई:
दोघांचेही आभार! बेनिनच्या पितळी वस्तूंत काठीच्या टोकावर लांब चोचीचा पक्षी असतो, तो कोणता?

पितळवेडा:
तो अनर्थ सांगणारा पक्षी. सोळाव्या शतकात ओबा एसिगी शेजारच्या इडाह राज्याच्या फौजेशी लढायला निघाला, तेव्हा वाटेत हा पक्षी ‘घात होणार’ असं ओरडला. एसिगीने त्यालाच मारलं आणि लढाई जिंकली. मग त्या पक्ष्याच्या पितळी मूर्ती ओतून घेतल्या. उगिए ओरो उत्सवात सरदार त्याच्या चोचीवर सळीने ठोके देत चालायचे. ओबा नशिबालाही नमत नाही, हे सगळ्या गावाला ऐकू जायचं. काचेच्या पेटीत ठेवलेला तो पक्षी मुका होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

१८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने राजवाडा लुटला आणि हजारो वस्तू युरोपात गेल्या. नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू नायजेरियाला परत दिल्या. ब्रिटिश म्युझियमकडे बेनिनच्या अजून ९०० च्या आसपास आहेत. त्याही घरी जायला हव्यात.