‘फ्रंटल एरिया’ला मराठीत काय म्हणावे?

मोटारींवरील एका मराठी लेखाची मुद्रिते तपासताना ‘दर्शनी क्षेत्रफळ’ हा शब्द आला आणि मी थबकलो. वाड्याचा दर्शनी भाग म्हटल्यावर डोळ्यांसमोर भिंत, दार, गवाक्षे येतात. त्याच न्यायाने वाचक गाडीचा बंपर, जाळी आणि काच यांचे पृष्ठफळ मोजायला निघेल, आणि बॉनेटचा उतार जितका लांब तितके क्षेत्रफळ अधिक, अशी त्याची समजूत होईल. अभिप्रेत अर्थ निराळा आहे. सकाळचे कोवळे ऊन बरोबर मागून येत असताना गाडी कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभी असेल, तर भिंतीवर जी सावली पडते तिचे क्षेत्रफळ म्हणजे फ्रंटल एरिया. तिच्यात टायर येतात, दोन्ही आरसे येतात आणि टपावरचा कॅरिअरही येतो.

‘समोरील क्षेत्रफळ’ सोपा वाटतो खरा, पण ‘घरासमोरील अंगण’ म्हणजे घराबाहेरची जागा. ‘गेटसमोर वाहने लावू नयेत’ या पाट्यांवर वाढलेल्या पुणेकराला तर गाडीसमोरील क्षेत्रफळ म्हणजे रस्ताच वाटेल! ‘काटछेद’ही चालणार नाही, कारण आरसे एका ठिकाणी, टपाचा सर्वांत उंच भाग दुसऱ्या ठिकाणी, गाडी कुठेही कापली तरी ती सगळी आकृती एका छेदात मिळत नाही.

नेमकेपणाचा आग्रह यासाठी की हवेचा रोध काढताना हे क्षेत्रफळ रोधगुणांकाने, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडतो हे सांगणाऱ्या आकड्याने (ड्रॅग कोइफिशंट), गुणले जाते. १.७ मीटर रुंद व १.५ मीटर उंच गाडीचे हे क्षेत्रफळ, कडेच्या गोलाया आणि खालची मोकळी जागा वगळता, साधारण २.१ चौरस मीटर भरते. रोधगुणांक ०.३ आणि हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे २९० न्यूटन रोध होतो. जाहिराती गुणांक तेवढा मिरवतात. पण गुणांक तोच ठेवून गाडी उंच-रुंद केली, तर रोध त्या प्रमाणात वाढतोच.

माझा कौल ‘सन्मुख क्षेत्रफळ’ या शब्दाला आहे. कोणाच्या तरी सामोरे असणे हा भाव त्यात आहे, आणि इथे गाडी वाऱ्याला सामोरी असते. प्रथम उल्लेखात ‘सन्मुख प्रक्षेपाचे क्षेत्रफळ’ असे पूर्ण लिहावे; प्रक्षेप म्हणजे वरच्या उदाहरणातली भिंतीवरची सावली. पुढे ‘टपावर बोचकी बांधल्याने गाडीचे सन्मुख क्षेत्रफळ वाढले’ हे वाक्य कुठेही अडत नाही.